रॅम घेताना स्पीड सगळ्यात शेवटी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरचा पीसी २०२० च्या सुमाराचा. प्रोसेसर आय-५ १०४००, बोर्ड एच४१० चिपसेटचा, आत डीडीआर४ २६६६ ची ८ जीबीची एकच स्टिक. मशीन आता रडतं, म्हणून रॅम वाढवायची आहे. दुकानदार म्हणतो २६६६ ची रॅम आता सहसा येत नाही, ३२०० ची न्या. ऑनलाइन तुमच्या मनात भरली आहे ती १६ जीबीची, हीटसिंकवाली (वर धातूचं आवरण असलेली), सीएल१६ ची ‘गेमिंग’ रॅम, तीही ३२०० ची. (सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते तो आकडा, टायमिंगमधला पहिला; लहान तितका चांगला.) आणि चुलतभाऊ म्हणतो, घ्यायचीच तर डीडीआर५ घे, पुढे उपयोगी पडेल. यातलं काय चालेल, आणि दरवेळी कुणाला न विचारता हे स्वतः कसं तपासायचं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. डीडीआर५ तुमच्या बोर्डात बसणारच नाही, तो विषय संपला. ३२०० ची रॅम बसेल आणि चालेलही, पण फार तर २६६६ वर. आणि ३२०० मधल्या दोनपैकी कुठली, तर ती दुकानदाराकडची साधी, उघड्या हिरव्या पट्टीची, सीएल२२ ची. जास्त पैसे देऊन आणलेली गेमिंग स्टिक तुमच्या मशीनमध्ये साधीपेक्षा हळू चालण्याची शक्यता आहे. हे उलटं का, ते पुढे येईल.

गेली अठरा वर्षं मी असेंब्ली आणि दुरुस्तीचं काम करतो. रॅम घ्यायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती मेगाहर्ट्झची घेऊ?’ खरं तर स्पीड ही एकच गोष्ट अशी आहे की ती चुकली तरी मशीन सांभाळून घेतं. जोरात पळणारी रॅम हळू बोर्डात घातली तर ती निमूटपणे हळू चालते. पिढी चुकली, प्रकार चुकला किंवा आतल्या चिपची क्षमता चुकली, तर मात्र मशीन चालूच होत नाही. म्हणून पाहायचा क्रम उलटा हवा.

आधी हे लक्षात घ्या की रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर बोर्डावर नसतो, प्रोसेसरच्या पोटात असतो. पूर्वी तो बोर्डावरच्या नॉर्थब्रिज चिपमध्ये असायचा. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ पासून तो प्रोसेसरमध्ये नेला, इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय-७ पासून. त्यामुळे ‘बोर्डाला चालते ना, मग झालं’ एवढं पुरत नाही. बोर्डाकडे स्लॉट, तारा आणि बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी धावणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर). किती वेगाची आणि कोणत्या जातीची रॅम पेलायची, याचा मोठा भाग प्रोसेसर ठरवतो. तुमचंच उदाहरण घ्या. एच४१० बोर्डाच्या माहितीत २९३३ हा आकडा सापडेल आणि त्याच्या शेजारी एक चांदणी. खाली बारीक अक्षरात असतं की हा वेग आय-७ आणि आय-९ लावला तरच. आय-५ १०४०० ची अधिकृत मर्यादा २६६६, आणि एच४१० चिपसेट त्याच्या वर रॅम पळवू देत नाही. चांदणीखालची ओळ वाचायची सवय लावून घ्या, निम्मे घोटाळे तिथेच मिटतात.

सुरुवात करायची ती आपल्याकडे नक्की काय आहे ते शोधून. बिलावर ‘एच४१० बोर्ड’ एवढंच लिहिलेलं असतं, ते पुरेसं नाही. विंडोजमध्ये स्टार्टवर ‘सिस्टम इन्फर्मेशन’ टाइप करा, त्यात ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ या ओळीत बोर्डाचं पूर्ण नाव मिळतं. नावाच्या शेवटी व्ही२, व्ही३, डी४ असलं काही शेपूट असेल तर तेही टिपून ठेवा, कारण शेपूट बदललं की बोर्ड बदलतो. शंका असेल तर कॅबिनेट उघडा, नाव बोर्डावरच छापलेलं असतं, बहुतेकदा स्लॉटच्या आसपास. मग टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मेमरी. तिथे वेग, किती स्लॉटपैकी किती भरलेत आणि फॉर्म फॅक्टर (रॅमच्या पट्टीचा आकार) दिसतो. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर याहून जास्त सांगतं, एकेका स्लॉटमधल्या स्टिकचा पार्ट नंबरसुद्धा. त्यात ‘डीआरएएम फ्रिक्वेन्सी’ १३३३ दिसली म्हणून घाबरू नका. डीडीआर म्हणजे एका ठोक्यात दोनदा माहिती नेणारी रॅम, म्हणून १३३३ ची दुप्पट २६६६. ‘मला अर्ध्या स्पीडची रॅम देऊन फसवलं’ म्हणत तावातावाने आलेले तीन-चार जण तरी मी आजवर चहा पाजून परत पाठवलेत.

नाव मिळालं की बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाचं स्पेसिफिकेशनचं पान उघडा आणि मेमरीची ओळ वाचा. तुमच्या बोर्डासाठी साधारण असं दिसेल: दोन डीआयएमएम स्लॉट, कमाल ६४ जीबी, डीडीआर४, ड्युअल चॅनल, नॉन-ईसीसी, अनबफर्ड. डीआयएमएम म्हणजे रॅमची पट्टी, ड्युअल चॅनल म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन समांतर वाटा, ईसीसी म्हणजे चूक ओळखून सुधारायची सोय, आणि अनबफर्ड म्हणजे मध्ये जास्तीची चिप नसलेली साधी रॅम. या एका ओळीत जवळजवळ सगळं आलं.

पिढीपासून सुरू करू. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. तळाच्या सोनेरी कडेला जी खाच असते तिची जागा प्रत्येक पिढीत थोडी सरकवलेली आहे, ती मुद्दाम. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना, लांबी सारखी, लांबून बघितलं तर जुळी भावंडं. पण खाच जुळत नाही. आमच्याकडे एक कॉलेजचा मुलगा बोर्ड घेऊन आला होता, ‘रॅम घट्ट बसत नाहीये’ म्हणून. डीडीआर४ च्या स्लॉटात डीडीआर३ ची पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबली होती त्याने, स्लॉटच्या मधल्या प्लॅस्टिकचा टवका उडालेला. नशीब, पिना वाचल्या. रॅम बसवायला जोर थोडा लागतो, पण खाच जुळल्यावरच. खाच समोर न येता जोर लावावा लागत असेल तर हात मागे घ्या.

कोणता प्रोसेसर कोणत्या पिढीचा, हे बहुतेक वेळा सॉकेटवरून, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेवरून कळतं. एएमडीचं सोपं आहे: एएम४ म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५. इंटेलकडे मात्र दोन ठिकाणी घसरायला होतं. सहाव्या पिढीत काही बोर्ड डीडीआर३एल चे आणि काही डीडीआर४ चे निघाले. आणि बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवतात, पण एका बोर्डावर सहसा एकाच जातीचे स्लॉट. म्हणजे दोन शेजाऱ्यांकडे तोच आय-५ १२४००, दोघांचेही बोर्ड बी६६०, आणि तरी एकाची रॅम दुसऱ्याला चालणार नाही असं घडतं. अशा बोर्डांच्या नावात ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ असेल तर चित्र स्पष्ट; काहीच लिहिलेलं नसेल तर अंदाज न बांधता साइटवर बघा.

आता लेबल, कारण वापरलेली रॅम घेताना तेच तुमच्या हातात असतं. तुमच्या आताच्या ८ जीबी स्टिकवर बहुधा असं काहीतरी छापलेलं असेल (लेबलावर रोमन अक्षरं असतात, मी उच्चाराप्रमाणे लिहितो): ८ जीबी, १आर×८, पीसी४-२६६६व्ही-यूए२-११. पीसी४ म्हणजे डीडीआर४. २६६६ वेग, आणि त्याला चिकटलेला व्ही म्हणजे टायमिंग १९-१९-१९. २४०० च्या स्टिकवर टी असेल तर १७, ३२०० वर डबल ए असेल तर २२. काही लेबलांवर २६६६ ऐवजी पीसी४-२१३०० दिसतं. तो मेगाबाइटमधला आकडा, वेगाला आठने गुणून आलेला. ३२०० चे याच हिशेबाने २५६००. १आर×८ म्हणजे एक रँक (एकत्र काम करणारा चिपांचा एक गट), आणि प्रत्येक चिप आठ बिटांची. शेवटी ‘यूए२’ मधलं पहिलं अक्षर, ते सगळ्यात महत्त्वाचं. यू म्हणजे साधी डेस्कटॉपची अनबफर्ड. एस असेल तर लॅपटॉपची आखूड. ई असेल तर ईसीसीवाली अनबफर्ड. आणि आर असेल तर रजिस्टर्ड, म्हणजे सर्व्हरची.

त्या ‘आर’ने लोकांना फार रडवलंय. कंपन्या जुने सर्व्हर मोडीत काढतात, त्यातली १६-१६ जीबीची रॅम जुन्या बाजारात आणि ऑनलाइन अर्ध्या किमतीत येते. डीडीआर४ मध्ये सर्व्हरची पट्टी डेस्कटॉपच्या स्लॉटात अगदी व्यवस्थित बसते, खाच तीच, ‘टक’ आवाजही येतो. आणि मशीन चालू होत नाही, कारण डेस्कटॉप प्रोसेसरच्या कंट्रोलरला रजिस्टर्ड रॅमशी बोलताच येत नाही. एका क्लासवाल्यांनी एकाच वेळी अशा वीस घेतल्या होत्या. विकणारा म्हणाला, ‘डीडीआर४ सांगितली होती, डीडीआर४च दिली.’ शब्दशः खरं! वीसच्या वीस पडून राहिल्या. ओळखायची खूण लेबलाखेरीज आणखी एक आहे: सर्व्हरच्या पट्टीच्या मधोमध एक वेगळी, जास्तीची चिप असते, आणि मेमरीच्या चिपही आठाच्या पटीत नसून नवाच्या पटीत असतात. डीडीआर५ मध्ये हा गोंधळ राहिलेला नाही, तिथे सर्व्हरच्या आणि डेस्कटॉपच्या पट्टीची खाचच वेगळ्या जागी आहे.

आता तुमच्या गेमिंग स्टिककडे येतो. प्रत्येक रॅमवर एक बारीक चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. तो त्या रॅमचा सातबारा समजा. मशीन चालू होताना बायोस आधी तोच वाचतं: क्षमता किती, कोणत्या वेगाला कोणतं टायमिंग, व्होल्टेज किती. साध्या ३२०० सीएल२२ च्या रॅमच्या सातबाऱ्यावर ३२०० हाच तिचा मूळ, प्रमाणित वेग म्हणून नोंदलेला असतो, तोही डीडीआर४ च्या नेहमीच्या १.२ व्होल्टवर. तिला २६६६ वर चाल म्हटलं की ती चालते, कुणाला काही करावं लागत नाही. सीएल१६ च्या गेमिंग रॅमचं तसं नसतं. तिचा प्रमाणित वेग बहुतेक वेळा २१३३ किंवा २४००, क्वचित २६६६. खोक्यावरचा ३२०० हा एक्सएमपी नावाच्या वेगळ्या नोंदीतला वेग, १.३५ व्होल्टवर, आणि तो बायोसमध्ये जाऊन आपण चालू करायचा असतो. बायोसला हात लावला नाही तर ती रॅम २१३३ किंवा २४०० वर चालेल, आणि दोन स्टिक एकाच वेगाने चालाव्या लागतात म्हणून तुमची चांगली चाललेली २६६६ सुद्धा तिच्यासोबत खाली येईल. एक्सएमपी चालू केलं तरी तुमच्या बोर्डाचं छत २६६६ च. म्हणजे हीटसिंकचे आणि सीएल१६ चे पैसे द्यायचे आणि उपयोग शून्य. विकणाऱ्यांच्या पानावर खाली ‘एसपीडी स्पीड’ आणि ‘टेस्टेड स्पीड’ असे दोन वेगळे आकडे असतील तर तुमच्यासाठी पहिला खरा.

हीच रॅम बी४५० बोर्ड आणि रायझन ३६०० ला असती तर मी उलट सल्ला दिला असता. तिथे ३२०० ची मर्यादा अधिकृत आहे, एक्सएमपी चालतं (एएमडीच्या काही बोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात), आणि रायझनला वेगवान रॅमचा फायदा दिसतोही.

क्षमतेचं गणित नव्या मशीनमध्ये फारसं डोकं खात नाही. तुमच्या बोर्डात दोन स्लॉट, प्रत्येकी ३२ जीबीपर्यंत, म्हणून ६४. प्रोसेसरच्या पानावर १२८ लिहिलेलं दिसेल. ते चार स्लॉटच्या बोर्डासाठी. दोन्हीपैकी जो आकडा लहान, तो आपला. खरी गंमत जुन्या मशीनमध्ये, आणि आमच्याकडे ती अजून रोज येतात. एच६१ बोर्ड, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय-३ किंवा आय-५, डीडीआर३, दोन स्लॉट, ८ आणि ८ मिळून १६ जीबी, त्यापुढे नाही. त्याच्याही मागचं जी४१ म्हणजे कोअर २ ड्युओच्या काळातलं. त्यात ४ जीबीची डीडीआर३ स्टिक चालते, पण दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा सोळा चिप असलेलीच. तेवढ्याच ४ जीबीची पण एकाच बाजूला आठ चिप असलेली नवी स्टिक घातली तर नीट चालत नाही, कारण तिच्या एकेका चिपची क्षमता त्या जुन्या कंट्रोलरच्या आवाक्याबाहेर जाते. ग्राहकाला हे समजावताना मी दोन स्टिक हातात देतो आणि चिप मोजायला सांगतो. मोजल्या की पटतं.

जुन्या डीडीआर३ मध्येच आणखी एक सापळा: ऑनलाइन अतिशय स्वस्त मिळणारी ८ जीबी डीडीआर३, वर्णनात कुठेतरी कोपऱ्यात ‘फक्त एएमडीसाठी’. हे जाहिरातबाजीसाठी लिहिलेलं नाही, खरंच आहे. तिच्या चिप चार-चार बिटांच्या असतात. जुन्या एएमडी प्रोसेसरचा कंट्रोलर त्या चालवून घेतो, इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरला आठ किंवा सोळा बिटांच्याच चिप लागतात. त्या दोन शब्दांवर नजर पडली नाही की पैसे गेले.

८ आणि १६ एकत्र चालतील का? चालतील. ८ जीबी जुन्या स्टिकची आणि ८ जीबी नवीतली अशी १६ जीबी ड्युअल चॅनलमध्ये जाते, उरलेली ८ सिंगल चॅनलमध्ये. इंटेल याला फ्लेक्स मोड म्हणतं. कागदावर हे दोन सारख्या स्टिकइतकं नेटकं नाही, पण आज तुमचं मशीन एका स्टिकवर, म्हणजे एकाच चॅनलवर चाललंय, त्यापेक्षा कितीतरी बरं. वेगळी ग्राफिक्स कार्ड नसेल तर फरक जास्तच जाणवतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिक एकत्र लावू नयेत असं छातीठोक सांगणारे भेटतील. साध्या, प्रमाणित वेगाच्या रॅममध्ये मी हे वर्षानुवर्षं करत आलोय, आणि बिघडल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी. एक्सएमपीवर पळवायच्या रॅममध्ये मात्र ते लोक बरोबर आहेत. तिथे दोनच्या जोडीचा एकच खोका घ्यावा, कारण त्या दोन स्टिक एकत्र तपासून त्यात घातलेल्या असतात.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक कुठे लावायच्या, तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात. बहुतेक बोर्डांवर ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. तुम्हाला दोनच स्लॉट, तुमचा प्रश्न नाही. पण चुलतभाऊ जर नवं डीडीआर५ मशीन बांधायच्या विचारात असेल तर त्याला एक सांगा: दोन मोठ्या स्टिक घे, चार लहान नको. रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकला अधिकृत वेग ५२०० आहे, आणि चारही स्लॉट भरले की तोच ३६०० वर येतो. रॅम वाढवून वेग घालवायचा प्रकार. डीडीआर४ च्या काळात चार स्टिक खपून जायच्या, म्हणून लोकांच्या हे डोक्यातच येत नाही. त्यात २४ आणि ४८ जीबीच्या डीडीआर५ स्टिक २०२३ मध्ये आल्या. त्याआधीच्या बायोसला त्यांची ओळखच नसते, आधी बायोस अपडेट करावं लागतं.

डीडीआर५ निघालंच आहे तर माझीच फजिती सांगतो. पहिल्यांदा एएम५ मशीन जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी, बोर्डावर ‘डीआरएएम’ लिहिलेला पिवळा दिवा पेटलेला. एक मिनिट वाट बघून बंद केलं. रॅम काढून परत बसवली. पुन्हा काळी स्क्रीन, पुन्हा तोच दिवा. एकेक स्टिक लावून पाहिली, स्लॉट बदलले, दुसऱ्या खोक्यातली रॅम आणून लावली. तासभर गेला, ग्राहकाला ‘बोर्ड खराब आलाय’ म्हणून फोनही करून झाला. शेवटी वैतागून मशीन तसंच चालू ठेवून खाली चहाला गेलो. परत येतो तर बायोसची स्क्रीन समोर! डीडीआर५ मध्ये पहिल्या वेळी कंट्रोलर रॅमच्या एकेका तारेशी ताळमेळ बसवत बसतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि त्याला काही मिनिटं लागतात. मी दर मिनिटाला बंद करून त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावत होतो. रॅम जुळत नाही असं ठरवण्याआधी नव्या डीडीआर५ मशीनला दहा मिनिटं तरी शांतपणे द्या.

बोर्डाच्या साइटवर क्यूव्हीएल नावाची एक यादी असते, तपासलेल्या रॅमची. तिच्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकाल. माझं असं: साध्या प्रमाणित रॅमसाठी ती बघितली नाही तरी चालतं, यादीत नसलेल्या शेकडो स्टिक मी लावल्यात. कंपनी बाजारातली प्रत्येक रॅम तपासू शकत नाही, आणि बोर्ड जुना झाला की यादीही जुनीच राहते. पण एएम५ वर ६००० चा एक्सपो (एक्सएमपीसारखीच एएमडीची नोंद) संच किंवा इंटेलवर ७००० च्या पुढचं काही घेणार असाल तर यादी बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. वाचताना जाहिरातीतलं नाव नाही, पूर्ण पार्ट नंबर जुळवा, शेवटच्या अक्षरापर्यंत. आणि किती स्टिक लावून तपासलं तो रकाना बघा, त्यात १ आणि २ ला टिक आणि ४ ला रिकामं असं खूपदा असतं. एएमडी बोर्डांवर प्रोसेसरच्या पिढीगणिक वेगळी यादी असते, आपली उघडली आहे ना हेही बघा.

लॅपटॉपचं थोडक्यात. तिथे आखूड पट्टी, एसओ-डीआयएमएम. काही लॅपटॉपमध्ये एक रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आणि एक स्लॉट; नावात एलपीडीडीआर असेल तर जवळजवळ नेहमी सगळीच सोल्डर केलेली, मग वाढवायचा प्रश्न नाही. टास्क मॅनेजरमध्ये फॉर्म फॅक्टरच्या जागी ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर समजून जा. चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल च लागते, १.५ वाली साधी डीडीआर३ घातली तर स्क्रीन येत नाही. उलट चालतं, डीडीआर३एल जुन्या १.५ व्होल्टच्या मशीनमध्ये चालते. लेबलावर पीसी३ नंतरचा एल शोधायचा.

आणि एक गोष्ट स्पेसिफिकेशनच्या पानावर कधीच नसते: उंची. मोठा टॉवर कूलर लावलेला असेल तर उंच हीटसिंकची रॅम त्याच्या पंख्याखाली अडकते. तुमच्याकडे प्रोसेसरसोबत आलेला छोटा कूलर असेल तर काही अडचण नाही.

तेव्हा तुमच्यासाठी खरेदी अशी: डीडीआर४, डेस्कटॉपची अनबफर्ड, १६ जीबी, ३२०० सीएल२२, १.२ व्होल्ट, कुठल्याही चांगल्या कंपनीची. मशीन बंद करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मग रॅमला. रिकाम्या स्लॉटात खाच जुळवून दोन्ही टोकं सारखी दाबा, क्लिप आपोआप वर आली पाहिजे. काही बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते, तिथे दुसरं टोक अर्धवट राहतं आणि मग ‘नवी रॅम खराब निघाली’ असा फोन येतो. चालू झालं नाही तर जुनी स्टिक काढून त्याच स्लॉटात नवी एकटी लावून बघा. जुन्या स्टिकचे सोनेरी पाय काळवंडले असतील तर शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा आणि चुरा झटकून टाका. दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या ‘रॅम गेली’च्या तक्रारींपैकी बऱ्याच या एका खोडरबराने मिटतात.

चालू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये २४ जीबी, २६६६ किंवा २६६७, आणि स्लॉट २ पैकी २ असं दिसायला हवं. २४ ऐवजी तेच ८ दिसत असेल तर स्टिक नीट बसलेली नाही, किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेलेत; सॉकेटवर दाब वाकडा पडला की एखादं चॅनल गायब होतं, हे मी पाहिलंय. २४ जीबी दिसतेय पण ‘वापरण्याजोगी’ ४ च्या आत, तर विंडोज ३२ बिटचं आहे, रॅमचा दोष नाही. सगळं जुळलं की रात्री झोपताना पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवा. सकाळी एकही लाल ओळ नको. एक जरी असली तरी स्टिक बदलून घ्या, ‘विंडोज चालतंय ना’ म्हणून सोडून देऊ नका.

आणि हे वाचायच्या आधीच ती गेमिंग स्टिक मागवून झाली असेल, तरी परत पाठवायच्या भानगडीत पडू नका. बायोसमध्ये मेमरी फ्रिक्वेन्सी हाताने २६६६ करून बघा, बऱ्याच बोर्डांत तो पर्याय असतो. नाहीच ऐकलं आणि २४०० वर अडलं, तरी एका चॅनलवरच्या २६६६ पेक्षा दोन चॅनलवरचं २४०० तुम्हाला वेगवानच वाटेल.